झिरपणारा घट

(स्मृती व्याख्यानमालेत चिंचोळी एमआयडीसी येथे दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



विषय वक्त्यानं निवडायचा आणि श्रोत्यांनी तो गोड मानून घ्यायचा, अशी स्मृती व्याख्यानांची रीत असते. इथं संयोजकांनीच विषय दिला: आपल्या धर्मपरंपरांतला पाण्याचा घट. औद्योगिक वसाहतीत हा विषय कशाला, असं काहींना वाटलं असेल. मला तो इथंच शोभतो असं वाटतं. सोलापूर-पुणे महामार्गालगतच्या या माळावर रसायनं तयार होतात, कापड होतं, यंत्रांचे सुटे भाग होतात. या सगळ्या धंद्यांत पाणी साठवणं, फिरवणं आणि गळू न देणं हे रोजचं काम. मेंटेनन्सच्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल की गळती म्हणजे दोष. ग्लँड गळतोय, पॅकिंग बदला. टाकी पाझरतेय, रिकामी करून लेप द्या.

मला आज गळतीच्या बाजूनं बोलायचं आहे. आपल्या परंपरांनी जे घट पुजले, त्यांतले पुष्कळ पाझरणारे आहेत, काहींना मुद्दाम भोक पाडलेलं असतं आणि उरलेले शेवटी ओतून रिकामे करायचे असतात. भरलेला कलश मंगल, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या पाण्याचं पुढं काय होतं, ते कुणाच्या वाट्याला जातं, हे फारसं कुणी विचारत नाही. घटाचा अर्थ त्या पुढच्या प्रवासात आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी भरलेल्या कलशाला त्याचा मान देऊ. खंडेनवमीला तुमच्या शेडमध्ये यंत्रांची पूजा होते. मशीन पुसून, हार घालून झाला की चौरंगावर तांदळाची रास करून तांब्याचा कलश ठेवतात. आत पाणी, सुपारी, नाणं, दूर्वा. तोंडाशी विड्याची किंवा आंब्याची पानं, वर शेंडी ठेवून नारळ, बाहेरून हळदी-कुंकवाची बोटं. गुरुजी मंत्र म्हणतात तेव्हा त्या लोटाभर पाण्यात गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी यांना बोलावलं जातं. कलशाच्या मुखाशी विष्णू, कंठाशी रुद्र आणि तळाशी ब्रह्मा अशी कल्पना असते. पाणी बोअरचं असो की टँकरचं, त्या घटकेपुरतं ते सात नद्यांचं होतं. जिथं नदी नाही तिथं नदी उभी करायची ही युक्ती आहे, आणि कोरडवाहू मुलखाला ती फार सोयीची आहे.

ही कल्पना जुनी आहे. ऋग्वेदात वसिष्ठांचा जन्म कुंभातून झाल्याचं सांगितलं आहे, अगस्त्यांना तर कुंभयोनी हेच नाव पडलं. पुढं समुद्रमंथनातून अमृताचा कुंभ आला आणि त्याच्या थेंबांच्या कथेनं नाशिक-त्र्यंबकेश्वरसह चार ठिकाणी कुंभमेळा भरू लागला. जैनांच्या अष्टमंगलांत कलश आहे आणि एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ यांचं लांछनच कलश आहे. बौद्ध शिल्पात सांची, भारहूत, अमरावतीला कमळांनी ओसंडणारा पूर्णघट कोरलेला दिसतो. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर खांबांच्या तळाशी पाहा. पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीवर दगडी घट आहे आणि त्या घटातून अख्खा खांब वर उठला आहे. दोन हजार वर्षं तो भार घटावर तोललेला आहे. तेरच्या उत्खननांतून मिळालेल्या लज्जागौरीच्या मूर्तींमध्ये देवीचं शरीरच घटासारखं आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या ग्रंथात भूमी, गर्भ आणि घट यांचं नातं उलगडून दाखवलं.

एवढ्यावर थांबलो तर घट म्हणजे पूर्णता, समृद्धी, सुफलता असं सांगून मला खाली बसता येईल. पण आपल्या घरांत वर्षभर जे घट बसतात, ते जवळून पाहिले की वेगळंच काही दिसतं.

अश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात, तो प्रसंग घ्या. शेतातली काळी माती चाळून पत्रावळीवर किंवा परडीत पसरायची. तिच्यात ज्वारी, गहू, हरभरा, करडई असं घरचं धान्य पेरायचं. मधोमध मातीचा घट ठेवून तो पाण्यानं भरायचा, वरून रोज एक माळ सोडायची. त्या घटाला झिलई नसते. पाणी भिंतीतून हळूहळू बाहेर येतं आणि भोवतीची माती ओलसर राहते. वरून बदाबदा पाणी घातलं तर बी कुजतं, घातलंच नाही तर करपतं. घट मात्र मातीला लागेल तेवढंच पाणी सोडतो. माती ओली असली की पाझर मंदावतो, कोरडी पडली की वाढतो. शेतीशास्त्रात मातीची मडकी जमिनीत पुरून झाडांना पाणी देण्याची जी पद्धत आहे, ती याच तत्त्वावर चालते. दसऱ्यापर्यंत पिवळसर अंकूर वीतभर होतात. घट उठले की ते देवीला वाहतात, पुरुष टोपीत-फेट्यात खोवतात, बायका केसांत माळतात.

आपल्या जिल्ह्याला याचा आणखी एक अर्थ आहे. इथली मुख्य ज्वारी रब्बीची. मालदांडी ३५-१ हे नामांकित वाण शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलं. या ज्वारीची पेरणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे घट बसतात त्याच्या आसपासच येते. घरचं बियाणं उगवतं की नाही, कुठलं जोमदार आहे, हे देवीसमोरच्या परडीत कळतं. तांब्याचा कलश मांडला असता तर हे काम झालं नसतं. देवी पाझरणाऱ्या घटात बसते म्हणून बी उगवतं.

माठाचं पाणी गार का होतं, तेही इथं सांगतो, कारण समोर अभियंते बसले आहेत. कुंभार माती मळताना तिच्यात राख, भुसा, घोड्याची लीद मिसळतो. भट्टीत हे जळून जातं आणि भिंतीत बारीक छिद्रं राहतात. त्यांतून पाणी बाहेरच्या अंगाला येतं आणि उडून जाताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. दहा लिटरच्या माठातून २०० मिलिलिटर पाणी असं गेलं आणि बाहेरची उष्णता आत शिरलीच नाही असं धरलं, तर उरलेलं पाणी अकरा-बारा अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात उतार कमी मिळतो, पण ४२-४३ अंशांच्या सोलापुरी दुपारी तोही अमृतासारखाच. म्हणजे शंभरातले दोन भाग सोडले म्हणून अठ्ठ्याण्णव भाग गार राहिले. माठ पाझरायचा थांबला की घरातली बाई म्हणते, माठ जुना झाला, आता पाणी गार होत नाही. छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात.

तेरचे संत गोरोबाकाका याच धंद्यातले. संतमेळ्यात त्यांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं ठोकून कोण पक्कं आणि कोण कच्चं ते सांगितलं, आणि नामदेव कच्चे निघाले, ही कथा आपल्याला पाठ आहे. कुंभाराच्या नजरेनं तिचा अर्थ लावून पाहा. कच्चं मडकं पाण्यात विरघळतं. झिलई दिलेलं पाणी धरतं, पण एक थेंब बाहेर येऊ देत नाही. नीट भाजलेलं मडकं धरतंही आणि सोडतंही. गोरोबांच्या थापटण्याला असंच पक्केपण हवं असणार, असं मला वाटतं.

हा धागा धरला की बाकीचे विधी आपोआप जुळत जातात. उन्हाळ्यात शिवलिंगावर गळती लावतात. अभिषेकपात्राच्या बुडाला भोक असतं आणि थेंब थेंब पाणी पिंडीवर पडत राहतं. देवळात गळती लावणं हे पुण्य आहे, तुमच्या शेडमध्ये मेमो मिळेल. अक्षय्य तृतीयेला करा आणि केळी ही मातीची भांडी पाण्यानं भरून पितरांच्या नावानं दान देतात, आणि वैशाखात तहानलेल्याला उदककुंभ देण्याचं माहात्म्य सांगतात. शेवटच्या प्रवासातही मडकं आहे. अग्नी देणारा खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेभोवती फिरतो. प्रत्येक फेरीला दगडानं त्याला एक भोक पाडतात, धार जमिनीवर सांडत जाते, आणि तिसऱ्या फेरीनंतर तो मडकं मागं टाकून देतो. वेदान्त्यांनी याच मडक्यावरून घटाकाशाचा दृष्टान्त दिला: मडकं फुटलं तरी आतली पोकळी कुठं जात नाही, ती बाहेरच्या आकाशाचीच होती.

आता आपल्या गावाकडे वळू. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी आणि कन्नड वचनकार. त्यांनी गावात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि भक्तांना हाताशी धरून तलाव खोदला. लिंगायत शरणांच्या परंपरेत अशी कथा आहे की त्याच परंपरेतले अल्लमप्रभू त्यांना भेटायला आले तेव्हा या खोदकामावरून त्यांनी सिद्धरामांना डिवचलं. माती उपसून मोक्ष मिळतो का, असा त्या वादाचा रोख. सिद्धराम पुढं बसवकल्याणला गेले, मोठ्या तत्त्वज्ञानात रमले, पण सोलापूरनं त्यांना तलावासकट स्वीकारलं.

त्यांच्या यात्रेच्या केंद्रस्थानी कुंभाराची मुलगी आहे. तिनं सिद्धरामांशी लग्न करायचं मनात धरलं. ते ब्रह्मचारी, म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं, आणि ते लग्न आजही मकर संक्रांतीच्या दिवसांत नंदीध्वजांच्या रूपानं लागतं. सात नंदीध्वज मिरवत तलावाकाठच्या संमती कट्ट्याजवळ येतात. अक्षता पडण्याआधी तिथं सुगडी पूजन होतं. संक्रांतीला ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, तिळगूळ घालून बायका ज्यांतून एकमेकींना वाण देतात, तीच ही छोटी मडकी. ज्यानं तलाव खोदला त्याच्या लग्नात मडकं घडवणाऱ्याची लेक नवरी आहे. पाणी साठवणारा आणि ते घरोघरी पोचवण्याचं भांडं देणारा, अशा दोन कष्टांची ही सोयरीक आहे. ज्या जिल्ह्यात वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथल्या लोकांनी आपल्या देवाला हेच सासर शोधलं, यात मला मोठं शहाणपण दिसतं.

इतर परंपरांतही घटाची खरी गोष्ट ओतण्यापाशी येऊन ठेपते. श्रवणबेळगोळच्या बाहुबलीचा महामस्तकाभिषेक साधारण बारा वर्षांनी होतो, अलीकडचा २०१८ साली झाला. १००८ कलशांच्या त्या सोहळ्याला आपल्या सोलापुरातूनही जैन मंडळी गेलेली आहेत. तिथली कथा अशी की मूर्ती घडवून घेणाऱ्या चामुंडरायानं पहिला अभिषेक मोठ्या थाटात केला, पण दूध मूर्तीच्या पायापर्यंत पोचेना. मग एका म्हातारीनं फळाच्या छोट्याशा कवटीतून आणलेलं दूध ओतलं आणि सबंध मूर्ती न्हाऊन निघाली. त्या गुल्लकायज्जीची मूर्ती आज बाहुबलीसमोर उभी आहे. राजाच्या मंत्र्यानं भरलेल्या घागरींपेक्षा तिची कवटी मोठी ठरली.

नांदेडला तख्त हजूर साहिबमध्ये गागरिया सिंग रोज पहाटेच्या आधी गोदावरीचं पाणी गागरीतून आणतात, आणि त्या पाण्यानं स्नानाचे विधी होतात. त्याच शीख पंथाच्या रहत मर्यादेनं पाठाच्या वेळी शेजारी कुंभ, तुपाचा दिवा, नारळ ठेवण्याला मनमत, म्हणजे गुरूच्या शिकवणीबाहेरचा मनाचा आचार, म्हटलं आहे. सेवेसाठी आणलेलं पाणी चालतं, शेजारी मांडून ठेवलेला कुंभ चालत नाही. मोहरमच्या दिवसांत मुस्लिम मोहल्ल्यांत सबील लागते. करबलाच्या तहानेची आठवण म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी, सरबत देतात आणि कुणाला जात-धर्म विचारत नाहीत. पैठणला एकनाथांच्या वाड्यात रांजण आहे. देवानं श्रीखंड्या होऊन बारा वर्षं नाथांघरी पाणी भरलं, ही त्यामागची श्रद्धा. नाथषष्ठीच्या आधी तुकाराम बीजेपासून भाविक तो रांजण भरायला लागतात. आणि याच नाथांनी रामेश्वराला न्यायची कावड वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, अशी कथा आपण सांगतो. देवासाठी भरलेलं पाणी वाटेत संपलं तरी ते देवालाच पोचलं, हा तिचा अर्थ.

इथपर्यंत सगळं गोड झालं. पण घटाची दुसरी बाजू झाकून ठेवली तर हे व्याख्यान कीर्तन होईल. पाणी भांड्यात आलं की ते कुणाचं तरी होतं, आणि मग कुणी शिवायचं नाही हेही ठरतं. मनुस्मृतीत पतितासाठी विधी सांगितला आहे: नातेवाइकांनी त्याच्या नावानं पाण्याचा घट भरायचा आणि दासीनं तो पायानं लवंडून द्यायचा. जिवंत माणसाला पाण्यातून वगळण्याचा हा संस्कार. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांना थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडकं बांधावं लागे, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लिहिलं. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आणि हजारो सत्याग्रहींनी ओंजळीनं पाणी प्यालं. त्यानंतर सनातन्यांनी काय केलं? दूध, दही, शेण, गोमूत्र यांनी भरलेले १०८ घट तळ्यात रिते करून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. पुढं मुंबई उच्च न्यायालयानं १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूनं निकाल दिला, तोवर दहा वर्षं गेली होती.

हे १०८ घट मला आजच्या विषयात सर्वांत महत्त्वाचे वाटतात. तेही भरलेले होते, मंत्र म्हणून ओतलेले होते. रूपानं त्यांच्यात आणि श्रवणबेळगोळच्या कलशांत काही फरक नव्हता. म्हणून नुसतं ओतणंही पुरेसं नाही. ओतलेलं पाणी कुणाची तहान भागवतं की कुणाला दूर लोटतं, यावर घटाचं पावित्र्य ठरतं. दोन हजार वर्षांपूर्वी कान्हेरी, जुन्नर, नाशिकच्या लेण्यांत साध्या व्यापाऱ्यांनी आणि भिक्षुणींनी पाण्याच्या पोढी, म्हणजे खडकातली टाकी, खोदवून दान दिल्या आणि तसे लेख कोरून ठेवले. महाडचा झगडा जिंकणाऱ्यांनी पुढं बुद्धाची वाट धरली, तेव्हा ते या दानाच्या परंपरेशीही जोडले गेले.

आता चिंचोळी. उजनी धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. म्हणून ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य दर उन्हाळ्यात आपल्या तोंडी असतं, आणि सोलापूर शहरात चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येण्याची सवय झाली आहे. अशा मुलखात कारखानदारानं घटाचा काय धडा घ्यायचा? मला तीन गोष्टी सुचतात, तिन्ही करण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट पिण्याच्या पाण्याची. कुठल्याही औद्योगिक वसाहतीत कायम कामगारांचा कूलर वेगळा आणि ठेकेदाराच्या माणसांचा नळ वेगळा असू शकतो. माल उतरवायला आलेल्या ड्रायव्हरला गेटवर पाणी मागावं लागतं. नळ एक करा, आणि चैत्र-वैशाखात गेटच्या बाहेरच्या अंगाला मोठे माठ ठेवा. ते प्रत्येक पाळीला घासून भरले जातील, ही जबाबदारी नावानिशी कुणाला तरी द्या, नाहीतर दोन आठवड्यांत त्यांत शेवाळ दिसेल.

दुसरी गोष्ट छपराची. हजार चौरस मीटरच्या पत्र्यावर वर्षाला साडेपाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे साडेपाच लाख लिटर पाणी. पाचवा हिस्सा वाया गेला तरी चार लाख चाळीस हजार लिटर उरतं. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या निकषानं ही बावीस माणसांची वर्षभराची गरज झाली, आणि ती एका मध्यम शेडची. हे पाणी गटारात सोडण्याऐवजी गाळून बोअरशेजारच्या खड्ड्यात मुरवता येतं. परडीतला घट मातीला जे देतो, तेच आपण या माळाला द्यायचं.

तिसरी गोष्ट उलट दिशेची, आणि तिच्याशिवाय पहिल्या दोन्हींना अर्थ नाही. प्रक्रियेतून निघालेलं पाणी, आम्लाचं, रंगाचं, तेलाचं, त्याचा एक थेंबही जमिनीत झिरपता कामा नये. तिथं तुमचा ग्लँड-गॅस्केटचा धर्मच खरा. महाडच्या तळ्यात ओतलेल्या घटांनी माणसांना वगळलं, जमिनीत सोडलेलं सांडपाणी शेजारच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्याला वगळतं. दोन्ही ठिकाणी ओतणारा वेगळा असतो आणि भोगणारा वेगळा.

चांगली गळती कुठली आणि वाईट कुठली, हे ओळखण्याची बुद्धी आपल्या परंपरेतल्या कुंभारानं, पाणी भरणाऱ्या बाईनं आणि तलाव खोदणाऱ्या योग्यानं मिळून घडवली आहे. पुढच्या वर्षी ही व्याख्यानमाला भरेल तेव्हा वक्ता उभा राहण्याआधी संयोजकांनी एक छोटा अहवाल वाचावा: किती गेटांबाहेर माठ लागले, किती छपरांचं पाणी मुरलं, आणि किती कारखान्यांनी आपलं सांडपाणी पूर्ण आवरलं. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमतो, त्यांना हा अहवाल माझ्या भाषणापेक्षा जास्त आवडला असता, याची मला खात्री आहे.